गफूर सरांचं ‘किती पैकी?’

समजा, एका वावरातली किती बोंडं अळीनं पोखरली हे तुम्हाला शोधायचं आहे. वावरात कपाशीच्या दहा हजार पऱ्हाट्या उभ्या आहेत. तुम्ही कोणत्या झाडापाशी जाल? खरं सांगा. रस्त्याला लागून असलेल्या, नाही का? चपलेला चिखल लागू नये म्हणून? किंवा वावराचा मालक हात धरून नेईल त्या झाडापाशी, कारण त्याला वाईट वाटू नये?

आमच्या पिंपळगाव राजात एक माणूस आहे, तो या दोन्ही झाडांपाशी जात नाही. तो वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभा राहतो, खिशातून घडी केलेला कागद काढतो, कपाळावरचा चष्मा खाली ओढतो आणि मोठ्यानं वाचतो, “तास सदतिसावं, झाड बारावं.” मग तासं, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी, एकेक मोजत आत शिरतो. मध्ये काटे येवोत, साप येवो, मालक आडवा येवो. सदतिसाव्या तासात वळतो, बारा झाडं मोजतो आणि बाराव्यापाशी उकिडवा बसून त्याची बोंडं फोडतो.

हे गफूर सर. नांदुऱ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. अंगानं काडी, डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात तीन पेनं. निळं लिहायला, लाल खोडायला आणि हिरवं कशाला हे अजून कुणाला कळलेलं नाही.

एकदा सुखदेव डोंगरेच्या वावरात कागदावर निघालेल्या झाडाच्या जागी विहीर निघाली. सर विहिरीच्या काठावर गेले, आत वाकून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘विहीर’.

सुखदेव म्हणाला, “सर, बाजूचं झाड घ्या ना. त्याले लय अळ्या हाये.”

“बाजूचं घेतलं तं ते मी निवडलं असं होईल. मले निवडायची परवानगी नाही.”

“कोनाची परवानगी लागते? वावर माहं हाये!”

“वावर तुहं. नंबर कम्प्युटरचा,” सर म्हणाले आणि कागदावरचा पुढचा नंबर शोधत निघून गेले. सुखदेव दोन दिवस गावभर सांगत फिरला की सरांच्या कम्प्युटरनं त्याच्या विहिरीत अळी शोधायला सांगितलं.

तो कम्प्युटर मी पाहिला आहे. टरबुजाएवढं पोट सुटलेला मॉनिटर, खालचा डबा पंख्यासारखा घरघरणारा आणि शेजारी किर्र-किर्र करत ओळीओळीनं छापणारा जुना प्रिंटर. निवृत्तीनंतर लोक हजला जातात, प्लॉट घेतात. सरांनी हे घेतलं. अकोल्याच्या जावयानं त्यात आकडेमोडीचा एक प्रोग्राम टाकून दिला. फुकट मिळणारा, आणि म्हणून सरांच्या मते इमानदार. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. आज्ञा लिहायची, एन्टर दाबायचं. एक स्वल्पविराम चुकला तर तो प्रोग्राम लाल अक्षरात खेकसतो. सर त्याला उत्तर देतात, “हाव बाबा, चुकलं. डोळे वटारू नको.” तसलीमचाचीशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, ते इतक्या नरमाईनं बोलताना कुणी ऐकलेलं नाही.

चाचीला विचारा. “चाळीस वर्सांत यानं माह्या मटनाच्या सालनाले एकदा चांगलं म्हटलं. तेही काय म्हने, ‘आधीच्या सहा वेळपेक्षा बरं, पण आकडा लहान हाये, आताच सांगता येत नाही.’ आता आठव्यांदा करून पाहा म्हणते. मी म्हटलं, आठव्यांदा तुह्या त्या डब्याले सांग करायले!”

सरांचा शब्द एकच. ‘किती पैकी?’

चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, “सारे पुढारी चोर हाये,” की कोपऱ्यातून आवाज येतो, “किती पैकी?” कुणी म्हणालं, “आजकालची पोरं आईबापाले पुसत नाही,” की “किती पैकी? कोनं मोजली?” नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं, “या गोळीनं बहुतेकांना आराम पडतो.” सरांनी विचारलं, “किती पैकी? अन् ज्याईनं गोळी घेतली नाही त्याईच्यातल्या किती जणाले तसाच आराम पडला?” डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आणि काळीपिवळीवाले! ती जीप भरल्याशिवाय हलत नाही हे जगाला माहीत आहे. सरांनी चार वर्षं ती किती वेळात भरते त्याच्या नोंदी ठेवल्या. आता तिचा ड्रायव्हरच त्यांना विचारतो, “सर, चहा प्याले येळ हाये का?” सर घड्याळ पाहतात. “बाजाराचा दिवस हाये. दहातून आठ वेळा अकरा मिनिटांत भरते. कट चहा पी.”

हा माणूस मला मान्य नव्हता, हे आधी सांगून टाकतो.

माझे वडील शिंपी. जिल्ह्यात कुठंही मोर्चा निघाला की झेंडे आमच्या घरी शिवले जायचे, आणि झेंड्यांच्या गठ्ठ्याबरोबर पत्रकांचे गठ्ठे यायचे. मी अक्षरं शाळेआधी त्या पत्रकांवर शिकलो. माझ्या अंकलिपीत ‘अ’ अन्यायाचा होता. मोठा झालो तसा मीच पत्रकं लिहू लागलो. पत्रकात ‘काही’ हा शब्द नसतो. ‘समस्त’ असतो, ‘संपूर्ण’ असतो. ‘समस्त शेतकरी किती पैकी?’ असं विचारणारा माणूस चळवळीच्या टायरमधला खिळा असतो, असं माझं तेव्हाचं मत होतं.

मग ते वर्ष आलं. ज्या बीटी कपाशीच्या पाकिटावर अळी येणार नाही अशी हमी छापल्यासारखी आम्ही मानली होती, त्या कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी निघाली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सडलेली सरकी आणि तिच्यात आरामात पहुडलेली ती. बाहेरून काही दिसतच नाही, हीच तिची बदमाशी. लोक घरात बसून बोंडं फोडायचे आणि नुसते बघत राहायचे.

नुकसान पाहायला एक सरकारी पथक येणार असल्याची बातमी आली. निम्म्याहून जास्त बोंडं खराब दिसली, तरच आमच्या भागाचं नाव भरपाईच्या यादीत जाणार होतं. नाही दिसली, तर नाही. आसपासच्या गावांतल्या प्रत्येक घराचं पुढचं वर्ष त्या ‘निम्म्या’वर टांगलेलं होतं.

मी रातोरात नाही, भर दुपारी, संतापानं पत्रक लिहिलं. ‘शंभर टक्के कापूस बरबाद! समस्त शेतकरी देशोधडीला!’ एक प्रत सरांच्या दारातून आत सरकवली. संध्याकाळी ती लाल पेनानं तपासून परत आली. ‘शंभर टक्के’खाली: किती पैकी? कोणी मोजले? ‘समस्त’खाली: किती पैकी? आणि शेवटी ‘इन्किलाब झिंदाबाद’खाली: शुद्धलेखन ठीक.

मी तसाच त्यांच्या घरी धडकलो. सर काळ्या पडद्यासमोर बसले होते.

“सर, लोक मरून राह्यले अन् तुम्ही मार्क देऊन राह्यले?”

“बस. पानी पी. हे पाह्य.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “आजूबाजूच्या साऱ्या वावरांची यादी टाकली. आता कम्प्युटर त्यातले चाळीस वावरं काढन. चिठ्ठ्या टाकल्यासारखे. मंग एकेका वावरात झाडं काढन. दर वावरातून वीस बोंडं फोडायची. आठशे बोंडं.”

“अन् त्यानं काय होईल?”

“त्यानं खरं कळन.”

“खरं मले माहीत हाये!”

“किती पैकी?” सर म्हणाले.

तरी मी त्यांच्याबरोबर गेलो, ते काय घोळ घालतात एवढंच पाहायला. दहा दिवस आम्ही फिरलो. सगळीकडे तेच. मालक धावत येणार, “सर, इकडं या, इकडं पाहा किती अळ्या!” आणि सर कागद वाचत उलट्या दिशेनं चालणार. मारोतीच्या पारामागच्या वावरात निघालेल्या झाडाखाली बैल बसला होता. सर त्याच्यासमोर पाऊण तास थांबले. मालक म्हणाला, “उठवू का?” सर म्हणाले, “नको, त्याचं त्याले उठू दे, नाही तं झाड तुडवन.” बैल उठला तेव्हा झाड तुडवूनच उठला. सरांनी जमिनीवर पडलेली बोंडं गोळा करून मोजली.

शेवटी आकडा आला. आठशेपैकी चारशे चौसष्ट.

“शंभरातली अठ्ठावन्न,” सर म्हणाले. “चार इकडं, चार तिकडं.”

“म्हंजे?”

“म्हंजे खरा आकडा चोपन्न असू शकते, बासष्टही असू शकते.”

माझं डोकं फिरलं. “सर, अठ्ठावन्न? तुमाले समजते का? नव्वद लिहा! कोण पाहायले येते? लोकायच्या बाजूनं एकदा तं चुका!”

“नव्वद लिहिले अन् सायेबानं एक झाड चांगलं दाखवलं, की तुहे नव्वद पडले. त्याच्यासंगं आपले अठ्ठावन्नही पडले. अठ्ठावन्न पडत नाही, बेटा. ते पाडाले दुसरी आठशे बोंडं फोडा लागतात.”

मी त्या वेळी जे बोललो ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “तुम्ही बियान्याच्या कंपनीचे मानूस हाये.” सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चाची आतून म्हणाली, “चहा झाला,” आणि मी चहा न पिता निघालो.

त्यानंतर आठवडाभर आमचं बोलणं बंद. म्हणजे माझं. सरांना हे कळलंच नाही, किंवा कळूनही त्यांनी त्याची नोंद घेतली नाही, कारण रविवारी ते नेहमीप्रमाणे आमच्या दारात उभे.

त्यांच्या रविवारांबद्दल सांगायला हवं. आमच्या आणि शेजारच्या वॉर्डातल्या सगळ्या घरांची सरांनी यादी केली होती. दर रविवारी दुपारी कम्प्युटर त्यातलं एक घर काढायचा आणि सर एक फॉर्म घेऊन तिथं जायचे. घरात माणसं किती, पाणी किती दिवसांआड, गॅस की चूल, डास जास्त की कमी. सगळं गाव याला ‘सरांची जनगणना’ म्हणायचं. कुणाकडे पाच मिनिटांत आटपायचं, कुणाकडे भजी व्हायची.

आमच्या नशिबी हा फॉर्म जरा जास्तच येई. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी. बाबांची नजर अधू झाली, मशीन बंद पडलं, आणि मी महिन्यातले वीस दिवस मोताळ्यापासून मेहकरपर्यंत सभांना. त्यामुळे फॉर्म भरायला घरी बाबाच असायचे.

“काय गफूरभाई, पुन्हा आमचंच घर?”

“दत्तूभाऊ, काय करू! कम्प्युटरनं काढलं.”

“त्याले दुसरं गावच दिसत नाही काय?” बाबा म्हणायचे आणि खुर्ची पुढं ओढायचे. “हं, इचारा.”

“घरात मानसं किती?”

“दोन. म्हंजे दीड. पोरगं अर्धंच असते.”

मग बाबा पाण्याचा प्रश्न अर्धा तास घ्यायचे. नळ कधी आला, आधी कधी यायचा, आई होती तेव्हा कोणती घागर भरायची, ती घागर कुणाच्या लग्नातली. सर सगळं लिहून घ्यायचे. प्रश्न तेच, उत्तरं तीच, दोन महिने झाले तरी तीच. त्या रविवारी मी आतल्या खोलीतून ऐकत होतो आणि चिडत होतो. बाहेर वावरं सडतायत आणि हे दोघं घागर मोजतायत!

आणि पथक आलं.

जीप थांबली ती रस्त्याला लागून असलेल्या वावरापाशी. ते भास्करराव पाटलांचं. आधी पेरलेलं, ठिबकवर वाढलेलं, चार वेळा फवारलेलं, असं हिरवंगार की कॅलेंडरवर छापावं. साहेब उतरले, चार बोंडं फोडली, चारही पांढरीशुभ्र.

“इथं तर चांगला दिसतोय कापूस,” साहेब म्हणाले.

जमाव उसळला. पंधरा हातांनी साहेबांना पलीकडच्या वावरात ओढलं. तिथं सगळ्यात वाईट झाड आधीपासून निवडून, त्याला लाल चिंधी बांधून ठेवलेलं होतं. चिंधी मीच बांधली होती. साहेबांनी चिंधी पाहिली. “हे मला दाखवण्यासाठी ठेवलंय का?” असं म्हणून ते हसले, आणि त्या हसण्यात आमचं पुढचं वर्ष बुडताना मला दिसलं. माझ्या हातात पत्रक होतं, शंभर टक्क्यांचं. ते वर काढायची माझी हिंमत झाली नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून हातगाडी आली. गाडीवर गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर, शेजारी डबा, प्रिंटर आणि मंडपवाल्याकडून आणलेली लाउडस्पीकरची बॅटरी, इन्व्हर्टरसकट. एका बाजूनं सर, दुसऱ्या बाजूनं तसलीमचाची, गोधडीला असा हात लावून की जणू आत तान्हं बाळ आहे.

“सायेब,” सर म्हणाले, “तुमी रस्त्याचं वावर पाहिलं. यायनं चिंधीचं दाखवलं. दोन्ही निवडलेले हाये. आता न निवडलेलं पाहू.” आणि त्यांनी आपले चाळीस वावरांचे कागद पुढं केले.

साहेब हुशार होते. “सर, पण ही चाळीस वावरं तुमच्याच कम्प्युटरनं काढली ना? तुम्हाला हवी ती नाही काढली कशावरून?”

मला वाटलं सर चिडतील. सरांचा चेहरा असा उजळला, जणू एकतीस वर्षांत पहिल्यांदा वर्गात कुणी बरोबर प्रश्न विचारला होता.

“वा! हे इचारलं पाहिजे. या कम्प्युटरले चिठ्ठ्या काढाच्या आधी एक आकडा पेरा लागते. जसा आकडा तशा चिठ्ठ्या. तो आकडा तुमी द्या. तुमच्या मनातला. मी डोळे मिटतो, तुमीच दाबा.”

बॅटरी जोडली. हातगाडीवर, भर रस्त्यात, काळा पडदा उजळला. साहेबांनी जरा विचार करून आपल्या मुलीची जन्मतारीख टाकली. प्रिंटर किर्र-किर्र करू लागला. दिवस थोडाच उरला होता, म्हणून पाचच वावरं. पाच गुणिले वीस, शंभर बोंडं.

सर माझ्या कानाशी आले. आठवड्यानं पहिल्यांदा. “पाचच वावरं हाये बरं. आठशेची गोष्ट अलग होती. शंभरात उलटंही निघू शकते.”

“उलटं निघालं तं?”

“तं आपुन दोघं मिळून मार खाऊ,” सर म्हणाले. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तेव्हा मला कळलं की या माणसालाही ‘निम्म्या’ची भीती होती. माझ्याइतकीच. फक्त भीती वाटली म्हणून त्यानं आकडा बदलला नव्हता.

पहिल्या वावरात वीसपैकी पाच. गर्दीतून एक उसासा निघाला आणि काही नजरा सरांकडे वळल्या, त्या चांगल्या नव्हत्या. दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यात नऊ. साहेब आता स्वतः तासं मोजत होते, बुटांना चिखल, शर्टाला काटे. एकानं बाजूचं झाड दाखवलं तर साहेबच ओरडले, “नाही, बारावं! बाराव्याला बारावंच!” सरांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. चौथ्यात चौदा. ऐंशीपैकी एक्केचाळीस.

शेवटचं वावर सुखदेव डोंगरेचं निघालं. सुखदेवनं आधी विहिरीवर फळ्या टाकल्या. साहेब बोंड फोडत आणि मोठ्यानं म्हणत, “खराब. खराब. चांगलं. खराब.” सगळं गाव त्यांच्या मागून पुटपुटत होतं. वीसपैकी सोळा.

शंभरपैकी सत्तावन्न.

साहेबांनी आकडा कागदावर लिहिला आणि खाली सही केली. आमच्या भागाचं नाव यादीत गेलं. गर्दीनं सरांना उचलायचा प्रयत्न केला. ते खाली उतरवा, खाली उतरवा म्हणून ओरडत होते, कारण बॅटरीची वायर त्यांच्या पायात होती. मी पुढं झालो. माफी मागायला तोंड उघडलं. सर म्हणाले, “ते मॉनिटरचं टोक धर आधी. गोधडी सरकली.”

त्यानंतर मी सरांकडे जाऊ लागलो. मला ते शिकायचं होतं. ज्या पत्रकातला एकही आकडा कुणाला पाडता येणार नाही, असं पत्रक मला लिहायचं होतं. सरांनी पहिला धडा दिला तो असा: “यादी हाती आली की आधी दुबार नावं पाह्याची. एकच नाव दोनदा असलं, की सारा हिशेब वाकडा.” त्याची आज्ञाही शिकवली. एका ओळीची. प्रत्येक नाव यादीत किती वेळा आलं ते सांगणारी.

एका शुक्रवारी सर नमाजला गेले. जाताना म्हणाले, “बस, सराव कर. कोणतीही यादी घे.”

मी पहिली दिसली ती उघडली. तिचं नाव होतं ‘रविवार’. घरांची यादी. मी दुबार नावांची आज्ञा लिहिली, स्वल्पविराम दोनदा तपासला आणि एन्टर दाबलं. पडद्यावर नावं सरकू लागली. एक, एक, एक, एक. सहाशे बारा घरं, प्रत्येक एकदाच. स्वच्छ यादी. सरांची यादी, दुसरं काय असणार.

आणि एक नाव, तीनशे सहा वेळा.

दत्तात्रय शिंपी. आमचं घर.

मी आधी समजलो की माझीच आज्ञा चुकली. पुन्हा लिहिली. पुन्हा तीनशे सहा. मग मी कागदावर मांडलं. एकूण नऊशे अठरा, त्यांपैकी तीनशे सहा. तीनातून एक. दर तीन रविवारांतून एक रविवार कम्प्युटर आमचंच घर काढणार. दर रविवारी नाही, कारण मग बाबांना कळलं असतं. फाईल पहिल्यांदा कधी केली ती तारीखही कोपऱ्यात होती. आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली.

बाबा मानी आहेत. कुणी कीव करायला आलंय असं कळलं असतं, तर त्यांनी आतून कडी लावली असती. आणि सरांना खोटं बोलता येत नाही. नव्वद म्हणता येत नाही, सालन चांगलं झालं असंसुद्धा म्हणता येत नाही. मग या माणसानं काय केलं असेल? त्यानं बसून एक नाव तीनशे सहा वेळा लिहिलं. म्हणजे दारात उभं राहून, डोळ्याला डोळा भिडवून, अगदी खरं सांगता यावं, ‘दत्तूभाऊ, काय करू, कम्प्युटरनं काढलं.’

मी समस्त शेतकऱ्यांसाठी वीस दिवस गावोगाव फिरत होतो. समस्तांत माझा बाप एक होता. त्याच्या घागरीची गोष्ट दर तिसऱ्या रविवारी कुणीतरी लिहून घेत होतं, आणि ते कुणीतरी मी नव्हतो.

सर परत आले. टोपी खुंटीला अडकवली आणि पडद्याकडे पाहिलं. फाईल उघडीच होती. कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

मग विचारलं, “सापडली काय दुबार नावं?”

“नाही सर,” मी म्हणालो. “यादी साफ हाये.”

“मंग ठेव तशीच,” सर म्हणाले आणि आत चाचीला चहाचं सांगायला गेले.

तर वाचकहो, माझं तुमच्याकडे मागणं आहे. हे मागणं मोर्चाला येण्याचं नाही, वर्गणीचंही नाही. येत्या रविवारी एक कागद घ्या आणि तुमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांची नावं त्यावर लिहा. कम्प्युटर नसला तर चिठ्ठ्या करा, डब्यात टाका, डोळे मिटून एक काढा. ज्याचं घर निघेल त्याच्याकडे जा, काहीही विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत उठू नका. मात्र यादी करताना एक नाव असं येईल की तिथं तुमचा पेन जरा थांबेल. कोणतं ते मी सांगायची गरज नाही.

ते नाव एकदाच लिहू नका.